अर्ध्या अंशाची पाचर

मी एक पाचर बोलतेय. दचकू नका, दुसऱ्याच्या कामात मारतात ती मी नव्हे. माझी लांबी दोन बोटं, एक कड जाड, एक पातळ. दोन्हींत उतार अर्ध्या अंशाचा. एवढ्याशा मालाला कोण विचारतो म्हणाल, तर ऐका.

शर्यतीच्या शिडाच्या फळीखाली पाण्यात एक दांडा असतो. त्याला पुढे मोठा पंख, मागे छोटा. वेग आला की पंख फळीला पाण्याबाहेर उचलतात आणि माणूस लाटांच्या हातभर वरून उडत जातो. मागचा पंख आणि दांडा यांच्या मध्ये मला दोन स्क्रूंनी आवळतात. जाड कड मागे असली की फळी थोड्या वाऱ्यातही उठते. पुढे असली की पाण्यातच बसते.

नुमेआत, म्हणजे आमच्या बेटावरच्या बंदरात, बोटी दुरुस्त करणाऱ्या फिर्मांने मला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाटातून कापलं. पाट त्याच्या भाचीचा, ओदीलचा. बाजारात तिचा मासळीचा गाळा.

"मामा, माझा पाट कापलास? आता टूना कशावर कापू?"

"नवऱ्याच्या पाठीवर काप. रुंद आहे."

तेव्हापासून मी ओदीलची. तीन वर्षं बेटाच्या अजिंक्यपदाला तिच्याबरोबर उतरले. पहिल्या वर्षी शेजारची स्पर्धक फळीत जे बदलेल ते ओदीलही बदलायची. शेवटून दुसरी आली. शेवटची ती शेजारचीच होती. दुसऱ्या वर्षी पंखात समुद्रगवत अडकलं. थांबून काढायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते तिने वाचवलं आणि गवत शेवटपर्यंत ओढत नेलं. तिसऱ्या वर्षी ती थांबायला शिकली आणि तिसरी आली. मला यात आनंद वगैरे झाला असं नाही. मी प्लॅस्टिक आहे.

चौथ्या वर्षी ओदील बावन्न वर्षांची होती. फिजीच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात बायकांची एकच जागा होती आणि पुढची निवड चार वर्षांनी. शेवटच्या दिवशी एकच शर्यत उरली. तिचे आणि वायमितीचे गुण सारखे. वायमिती तेवीस वर्षांची, जीभ तिखट.

"मावशे, वारा पडलाय. घरी जा, मासे नासतील."

"आवा, चल हट! आधी तुझी जीभ नासेल."

वारा खरंच पडला होता. ओदीलने वाळूत फळी आडवी केली, स्क्रू काढले आणि मला हातात घेतलं. तिची रीत ठरलेली. बोलता बोलता अंगठ्याने जाड कड चाचपायची, बघायचं नाही. पण बावीस वर्षं बर्फात हात घालून, वर शिडाचा दांडा आवळून तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. दोन महिन्यांपूर्वी अंगठ्यात माशाचा काटा मोडला, ते तिला रक्त दिसल्यावर कळलं. कुणाला सांगितलं नव्हतं. आणि वायमिती समोर उभी असताना मला डोळ्यांजवळ धरून बघायचं, म्हणजे ती विचारणार.

ओदीलने अंगठा फिरवला. मला दाब कळला, तिला मी कळले नाही. तिने मला उलटी लावली.

सुरुवातीचा भोंगा वाजला. बाकीच्या एकेक करून उठल्या. ओदील शीड हलवून वारा खेचत राहिली, फळी पाणी नांगरत राहिली. वायमिती पहिली आली. ओदील सातवी.

किनाऱ्यावर ओदील फळीशेजारी बसली. रडली नाही, चिडलीही नाही.

"गवत अडकलं," ती म्हणाली.

"थांब, मी काढते." वायमिती गुडघ्यांवर बसली. तिने पंखावरून हात फिरवला. गवत नव्हतं. मग तिने स्क्रू काढले आणि मला बाहेर घेतलं.

"मावशी, ही उलटी आहे."

ओदील समुद्राकडे बघत होती.

"तू उलटी लावशील? तू?" वायमितीने तिचा हात ओढून घेतला आणि अंगठ्याच्या टोकात नख रुतवलं. "दुखतंय का?"

"काय?" ओदीलने विचारलं. मग खाली पाहिलं, आणि हात काढून घेतला.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"तो म्हणेल गाळा सोड. फळी सोड."

"मला विचारायचंस ना, बाई. जाड बाजू कुठली, एवढंच. मी सांगितलं असतं."

"जिंकायला निघालीस आणि सांगितलं असतंस?"

"शिव्या घालून सांगितलं असतं."

ओदीलने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग मला तिच्या हातून घेऊन परत तिच्याच तळहातावर ठेवलं. "फिजीला ही घेऊन जा. तिथे दुपारी वारा पडतो म्हणतात."

आता मी फिजीत, वायमितीच्या फळीत. इथलं पाणी ऊन आहे म्हणे. मला गार काय, ऊन काय, कळत नाही, आणि माझं त्यावाचून अडत नाही. तुमचं अडतं. म्हणून विनवते, बोट बधिर झालं तर झाकू नका. शेजारी उभ्या असलेल्याला विचारा, तो प्रतिस्पर्धी असला तरी.

ओदीलने शेवटी दाखवलं आणि वायमितीला फोनवर सांगितलं: डॉक्टर म्हणाला, मनगटात नस दाबली गेलीय. ओदीलच्या उजव्या हाताचं ऑपरेशन मंगळवारी आहे. बोटांत जाण किती परत येईल ते त्यानेही सांगितलं नाही.

दुसरा स्क्रू आवळत आलाय. निघते.