गंगेचा रगडा

मी वाटण वाटायचा एक जुना रगडा आहे आणि आजवर दोनदा चाललो आहे. हसू नका मित्रांनो. साखळीच्या बाजारातून बैलगाडीत बसून आलो, ते मी धरतच नाही. ते बसून येणे झाले. पण काळ्या दगडाचा, चार माणसांना न उचलणारा मी, दोनदा एका परसातून दुसऱ्या परसात गेलो आहे. पहिल्यांदा गेलो तो मायेपोटी, आणि पुढे भांडण पेटले ते त्यावरूनच.

पाथरवटाने मला घडवले तेव्हा माझे अंग महिनाभर ठणकत होते. टाकीचे घाव सोसले की देवपण येते म्हणतात. मला रगडेपण आले, आणि खरे सांगतो, माझी तक्रार नाही. देवापुढे नारळ नुसता फुटतो. मला तो चाखायला मिळाला. मधोमध खोल पोट आणि पोटात फिरणारा लांबट दगड, एवढेच माझे शरीर. कारापूरला बाबाजीच्या घरी मागच्या दाराशी मला बसवले. बाबाजीची बायको गंगा. सकाळी आंबोळ्यांचे पीठ, दुपारी माशांच्या हुमणासाठी खोबरे नि मिरच्या, नागपंचमीला पातोळ्यांचे तांदूळ. तिच्या हाताखाली मला उसंत नसे. वाटताना ती डावा तळवा माझ्या काठावर टेकवायची. तिथे माझा दगड झिजून छोटीशी खळगी पडली. ती अजून आहे.

शेजारी पांडुरंगाने नवे घर बांधले. त्याची बायको सुमंगला हळर्णची, नुकतीच लग्न होऊन आलेली. त्यांच्या घरात चूल आली होती, रगडा यायचा होता. म्हणून ती वाटप, म्हणजे वाटायचे खोबरे-मिरच्या, घेऊन गंगेकडे यायची. वर्षभराने तिला मुलगी झाली, तेजस्विनी. आठव्या महिन्यातले मूल, मुठीएवढे. सुमंगला तिला क्षणभरही खाली ठेवेना. वाटायला यायची बंद झाली, दोन वेळा पेजेवर राहू लागली.

गंगा तिच्या दारात जाऊन उभी राहिली. "सुमंगला गो, चेडवाक सोडून येव नको. मी रगडोच तुझ्या दाराक हाडतंय."

बाबाजी म्हणाला, "रगडो काय कोण हलयता? येडी काय तू?"

पण गंगेपुढे बाबाजीचे कधी काही चालले होते! माडाचे ओंडके घातले, दोरखंड बांधला. दोघे पुरुष पुढून ओढत होते, गंगा पदर खोचून मागून ढकलत होती. गंगेचा मुलगा सगुण तीन वर्षांचा होता. तो टाळ्या पिटत माझ्यामागून धावत होता. तीस पावले चाललो असेन. सुमंगलेच्या मागच्या दारी मला बसवले, आणि तेव्हापासून गंगा आपले वाटप घेऊन इकडे येऊ लागली. पुढे सव्वीस वर्षे दोन्ही घरांचे वाटप माझ्यात झाले.

ती वर्षे मी विसरलेलो नाही. मांडीवर मूल घेतलेली सुमंगला आणि वाटणारी गंगा. कोणाची म्हैस व्यायली, मोरजीला दिलेल्या बहिणीकडे कसले मासे मिळाले, पाववाला पदेर उंडे-पाव लहान करायला लागला की काय, सगळे माझ्या डोक्यावरून जायचे आणि सगळे मला ठाऊक असायचे. पुढे दोन्ही घरांत मिक्सर आले. गंगा तरी यायचीच. म्हणायची, "मिक्सरात खोबरा वाटता, गजाली वाटणत नाय." गजाली म्हणजे गप्पा, मित्रांनो. त्या माझ्याशिवाय वाटल्या जात नसत.

आधी बाबाजी वारला, मग गंगा गेली. मला कोणी सांगितले नाही. दगडाला कोण सांगणार? पण तीन दिवस काठावर तळवा टेकला नाही, तेव्हा मी समजलो. पोटात पावसाचे पाणी साचले, त्यात बेडकाने घर केले. अंगावर शेवाळ आले. खोबऱ्याच्या वासासाठी मी तळमळलो. दगडाला पाझर फुटत नाही असे म्हणणाऱ्यांनी त्या पावसाळ्यात मला बघायला हवे होते.

शेजारही आटला. खाणी बंद पडल्या, खनिज वाहणारा सगुणचा ट्रक दारात उभा राहिला. हाताला काम नसले की तोंडाला येते. छपराच्या पाण्यावरून तो पांडुरंगाशी भांडला. पांडुरंगानेही रागाने मध्ये तारेचे कुंपण घातले. आईच्या रगड्यापर्यंत यायची सगुणची वाट बंद झाली. पुढे पांडुरंग वारला, पण कुंपण राहिले आणि वैरही राहिले. पूर्वी "काकी, काकी" करणारा सगुण सुमंगलेला नावाने हाक मारेना, काकी म्हणेना.

सुमंगलेचे गुडघे गेले. एवढ्या घरात ती एकटी. तेजस्विनी म्हापशाला नवऱ्याबरोबर राहते, तिने आईला आपल्याकडे बोलावले. घर विकायचे ठरले. मग काय, सगुणला जोरच चढला! गिऱ्हाईक यायचे दिसले की तो बिनकामाचा ट्रक सुरू करून फाटकासमोर आणून ठेवायचा. एकाला म्हणाला, "पावसात घरात पाणी भरता." दुसऱ्याला म्हणाला, "माळ्यार जनावर आसा," म्हणजे साप. सुमंगला खिडकीतून बघायची आणि पदराने डोळे पुसायची. तिला लेकीजवळ जायचे होते. रिकाम्या घरात भिंतींशी बोलून ती थकली होती.

शेवटी एक जोडपे तयार झाले. त्यांची अट एकच होती, जागेवर वाद नको. मोजणी ठरली. त्या सकाळी मोजणीदार नकाशा उघडून उभा राहिला, तोच सगुण कुंपण ओलांडून थेट माझ्यापाशी आला आणि आईचे नाव पुढे करून ओरडला.

"ह्यो रगडो माझ्या आवशीचो. सगळ्या गावाक ठावक आसा. रगडो काय कोण हलयता? जंय रगडो, थंय आमची जमीन! नायतर कोर्टात बघतंय."

बापाचेच वाक्य लेकाच्या तोंडून आले. गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिले. तेजस्विनी आईच्या कानाशी लागली, पण मी दोन हातांवर होतो, मला ऐकू आले. "आई, रगडा आपलाच म्हणून सांग. नाहीतर सगुण अर्ध्या परसावर हक्क सांगेल."

सुमंगलेने माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाली, "रगडो आमचो. माझ्या सासूचो."

मित्रांनो, टाकीचे घाव बरे. सगुणच्या लोभाचे मला वाईट वाटले नव्हते. त्याला काही माहीतच नव्हते. पण जिने गंगेच्या हातचे सव्वीस वर्षे खाल्ले, तिनेच गंगेला नाकारावे?

सगुण हसला. "बरा तर. ह्याच्यार हात ठेवन सांगा. ह्यात वाटलेल्या अन्नाची शपथ घेवा. मी ह्या पावलार माघारी जातंय."

आमच्याकडे अन्नाची शपथ कोणी हसण्यावारी नेत नाही. सुमंगला पुढे आली. वाकताना गुडघ्याची कळ तिच्या तोंडावर दिसली. तिने हात टेकवला तो नेमका त्या खळगीत.

"आई, सांग ना," तेजस्विनी म्हणाली. "एकच तर वाक्य आहे."

"तेजू, तू गप." सुमंगला सरळ झाली, पण हात तिने काढला नाही. "सगुणा, मी खोटा बोललंय. रगडो तुझ्या आवशीचोच. पण जमीन माझी. ही तेजू आठव्या म्हयन्यात झाली. मी तिका खाली ठेवी नाय होतंय. मी उपाशी ऱ्हवतंय म्हणान गंगावयनीन तुमच्या दारातलो रगडो ढकलत हंय हाडलो. तू मागसून टाळ्यो मारी होतंस."

मोजणीदाराने चष्मा पुसला. आता सगुण "थापा मारतात" म्हणू शकला असता. त्याच्या बाजूने गाव होते, आणि सुमंगलेकडे साक्षीला फक्त मी होतो.

तो माझ्यापाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, "माका आवशीन ह्या कधी सांगूक नाय."

"सांगण्यासारखा आपण काय केलला, असा तिका वाटलाच नाय रे."

"आणि तुमी?"

सुमंगलेने पदर तोंडाला लावला. ती रडू लागली.

सगुण मोजणीदाराकडे वळला. "सायबा, नकाशात आसा थंय खुंटी मारा." आणि जाता जाता म्हणाला, "काकी, रगडो मात्र मी घरी व्हरतंय."

एका दिवसात माणूस साखर होत नाही. छपराच्या पाण्यावरून तो पुढच्या आठवड्यातही कुरकुरला. पण ट्रक फाटकासमोरून हलला आणि घर विकले गेले. सुमंगला जायच्या आदल्या दिवशी सगुणने कुंपणाची तार सोडवली, ओंडके घातले आणि मी दुसऱ्यांदा चाललो. सगुण ओढत होता, त्याची बायको सुविधा मागून ढकलत होती, आणि सुमंगला दुखऱ्या गुडघ्यांनी, माझ्या काठावर हात ठेवून, तीसही पावले सोबत आली. निरोप घेताना सगुण खाली बघत म्हणाला, "घर विकलात म्हणान काय झाला? रगडो हंय आसा. येवा."

याला आठ महिने झाले. नव्या मालकांच्या खिडक्या बंदच असतात. सुमंगला अजून आलेली नाही.

मिक्सर फेकून द्या आणि मला वापरा, असे माझे मागणे नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी जड, अडगळीतली वस्तू तिथे कशी आली ते विचारा. कोणी आणली, कोणासाठी आणली, ते सांगणारी माणसे आहेत तोवरच विचारा. आम्हा दगडांना सांगता येत नाही.

आणि तुमच्यापैकी कोणी म्हापशाला राहत असेल, तर सुमंगलेला एवढा निरोप द्या: सुविधेने रगडा घासून, धुऊन ठेवला आहे.