मंचावरून घेतलेलं नाव

मोहिनीने चिवड्याच्या बशा पुढे सरकवल्या आणि टीव्हीचा आवाज आणखी वाढवला. इमारतीतल्या पाच-सहा बायका सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या होत्या. पलंगावर नणंद, आशाताई, मुद्दाम देवळ्याहून आलेली. दाराजवळच्या खुर्चीत मोहिनीचा नवरा किशोर, ओझरच्या कारखान्यातून आला तो कपडेही न बदलता बसलेला. त्याला असल्या समारंभांचा कंटाळा, पण बायकोची मैत्रीण बक्षीस घेणार म्हटल्यावर येताना पेढे त्यानेच आणले होते.

मैत्रीण म्हणजे श्यामला. कॉलेजात एका बाकावर बसणारी, आता मुंबईत राहून टीव्हीसाठी लिहिणारी. तिची टेलिफिल्म दाखवली त्या संध्याकाळी या भागात नेमकं लोडशेडिंग होतं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "पाहिलीस ना? रागावली नाहीस ना गं?" पाहिलीच नाही, हे सांगायचं मोहिनीच्या जिवावर आलं. "अगं, फार छान झालीय, रडूच आलं मला," असं ती बिनदिक्कत बोलून गेली. रागवायचं कशाला, हे विचारायचं तेव्हा तिला सुचलंही नाही.

कालच श्यामलाने सांगितलं होतं, बक्षीस मिळालं तर मंचावरून तुझं नाव घेणार. मोहिनीच्या पोटात ही बातमी राहते कशाला! दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ती कळली होती.

"आता ऐका हं, वहिनींचं नाव येणार," शेजारची यशश्री म्हणाली.

उत्कृष्ट कथेसाठीची नावं सुरू झाली. प्रत्येक नावाबरोबर एकेक तुकडा दाखवत होते. श्यामलाचं नाव आलं आणि पडद्यावर एक माणूस दिसला. जिन्याच्या पायरीवर बसलेला, पायात बूट तसेच. आत कुणी म्हातारी घंटा वाजवत होती, देवघरातली पितळी घंटा. माणूस उठत नव्हता. घंटा थांबली तेव्हा त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि दार ढकललं.

मोहिनीच्या हातातली बशी हातातच राहिली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा हाक मारायला म्हणून त्यांच्या उशाशी अशीच घंटा ठेवली होती. त्या गेल्यावर काही दिवसांनी किशोरने एकदाच, भिंतीकडे तोंड करून सांगितलं होतं. तू औषधं आणायला गेली होतीस. मी दारात आलो, घंटा ऐकली, आणि आत जावंसंच वाटेना. थांबेपर्यंत पायरीवर बसून राहिलो. आत गेलो तर आई ओल्या अंथरुणात तशीच झोपली होती. त्यानंतर या विषयावर तो कधी बोलला नाही. मोहिनीने मात्र, एकटीला पेलवेना म्हणून, श्यामलाला सांगितलं होतं. गळ्याची शपथ घालून.

"मुलगा म्हणायचा की कोण हा," आशाताई म्हणाली.

किशोरकडे पाहायची मोहिनीला हिंमत झाली नाही. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीचं तिने त्या क्षणी मनापासून वाईट चिंतलं. दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे. आणि मिळालंच, तर माझं नाव विसरू दे तिला.

मिळालं ते श्यामलालाच. मोरपंखी साडी सावरत ती माइकपाशी आली.

"हे बक्षीस निम्मं माझ्या मैत्रिणीचं, नाशिकच्या मोहिनीचं. ही गोष्ट खरी आहे आणि ती तिने मला दिली. फिल्म पाहून म्हणाली, फार छान झालीय. एवढं मोठं मन कुणाचं असतं?"

खोलीत टाळ्या पडल्या. यशश्रीने मोहिनीच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला आणि तो तिला गिळावा लागला. बायका गप्पा मारत, अभिनंदन करत आपापल्या घरी गेल्या. किशोर बशा गोळा करू लागला.

आशाताई जागची हलली नव्हती.

"खरी गोष्ट म्हणाली ती."

मोहिनी सतरंजीची घडी घालू लागली.

"आपल्या आईजवळही घंटा होती, मोहिनी. आणि तेव्हा या घरात तुम्ही दोघंच होतात."

मोहिनीने आता नवऱ्याकडे पाहिलं. बशांची चळत छातीशी धरून तो स्वयंपाकघराच्या दारात थांबला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, बहिणीकडे बघत होता, आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. तिला भडभडून आलं.

"ती मी होते, ताई," मोहिनी म्हणाली. "औषधं घेऊन आले आणि पायरीवरच बसून राहिले. श्यामलाने सुनेचा मुलगा केला, एवढंच."

किशोर मध्येच अडवील अशी तिची खात्री होती. अडवावं, मग ताई गेल्यावर हवं ते बोलावं, घराबाहेर काढावं, सगळ्याला तिची तयारी होती. तिने विश्वासघात केलाच होता. आशाताईने पदर डोळ्यांना लावला तरी तो काही बोलला नाही.

"तुझ्या भरवशावर ठेवली होती गं मी तिला," आशाताई म्हणाली.

किशोरने बशा ओट्यावर नेऊन ठेवल्या. हात पुसत बाहेर आला, बहिणीजवळ पलंगावर बसला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"जाऊ दे, ताई," तो म्हणाला. "नवीन होती ती तेव्हा. मी केव्हाच माफ केलंय तिला."