एका मुलीसाठी नवी बाटली

मी एक जुना निळा डबा आहे. आधीच सांगून टाकतो मित्रांनो, माझ्या पोटात सरबत, आईस्क्रीम किंवा खाऊ यांतले काहीही कधी नव्हते. उन्हाळ्यात मुले माझ्याकडे फार आशेने बघतात, म्हणून हे सांगावे लागते. माझ्या पोटात लसीच्या बाटल्या असतात. हे कळले की मुलांचे चेहरे पडतात, आणि मी मनातल्या मनात हसतो.

माझ्याकडे नीट पाहिलेत तर एक गोष्ट तुम्हांला खटकेल. माझे अंग प्लास्टिकचे, कारखान्यात साच्यातून निघालेले. पट्टा मात्र जुन्या जीन्सच्या कापडाचा आहे, दुहेरी शिलाईचा. हा पट्टा कारखान्याचा नव्हे. तो कसा आला, तीच माझी गोष्ट.

माझा जन्म झाला तेव्हा माझ्या दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत फेस भरला गेला. तो फुगून असा घट्ट बसला की आतला गारवा बाहेर जाईना आणि बाहेरची झळ आत येईना. माझा हट्टी स्वभाव तिथूनच आला असावा. बाहेर डांबर वितळू दे, मी आत गारच राहणार.

आरोग्य केंद्रात मी ज्यांच्या हाती पडलो, त्यांना सगळे सिस्टर म्हणत. चणीने बारीक, चालणे भरभर, आणि आवाज असा की खोलीतली रडणारी बाळेसुद्धा क्षणभर थांबून ऐकत. रोज सकाळी त्या फ्रीझरमधून बर्फाच्या चार चपट्या बाटल्या काढून टेबलावर ठेवत. मग एकेक बाटली कानाशी धरून हलवत. आत पाण्याचा डुबुक असा आवाज आल्याशिवाय ती माझ्या पोटात जात नसे. काही लशी उन्हाने बिघडतात, तर काही अति थंडीने, म्हणून बर्फ किंचित वितळलेला लागतो. एकदा नव्याने आलेल्या गाडीवाल्याने हे पाहिले आणि म्हणाला, "काय सिस्टर, कुणाचा फोन आहे?"

"बर्फाचा," सिस्टर म्हणाल्या. "अजून झोपेत आहे म्हणतोय. थांबा जरा."

गाडीवाला थांबला. सिस्टरसमोर सगळेच थांबत.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचे लसीकरण चाले. एक टेबल, दोन बाके, एक नळ आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी, एवढाच तिथला थाट. आया बाळांना घेऊन येत. बाळे रडत, आया डोळे मिटून घेत, आणि थोड्या वेळाने दोघेही हसत घरी जात. जाताना एखादी आई माझ्या झाकणावर हलकेच थाप मारी. ती थाप मला फार आवडायची. खरे सांगायचे तर मी तिला चटावलो होतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले. गोवराची लस बाटलीत पूड असते. ऐन वेळी तिच्यात पाणी मिसळतात. एका बाटलीत दहा मुलांपुरती लस होते, पण पाणी मिसळले की ती चार तासांच्या आत वापरावी लागते. नंतर ती उरली, तरी कोणालाही द्यायची नाही. सिस्टर त्या बाटल्या वेगळ्या पिशवीत टाकून केंद्रावर परत नेत. मुले थोडी आली की लस उरायची, आणि त्या दिवशी सिस्टरचा चेहरा उतरलेला असायचा. तरीही लस वाया जाईल म्हणून त्यांनी एकाही मुलाला परत पाठवले नाही.

वाचनालयासमोर मोबाइल रिचार्जचे एक दुकान होते. दुकानदाराला सगळे रिचार्जवाले दादा म्हणत. माणूस तसा मदतीचा. कोणाचा फोन अडला की दादा तो चालू करून द्यायचे. त्यामुळे अख्ख्या वस्तीचे नंबर त्यांच्याकडे होते, आणि काहीही घडले की सगळ्यांच्या आधी आपल्याला कळले पाहिजे, अशी त्यांना हौस होती.

एके दिवशी त्यांनी खिडकीतून आमच्या खोलीचा व्हिडिओ काढला. सिस्टर उरलेल्या बाटल्या पिशवीत टाकत होत्या, तेवढाच. त्यावर दादांचा आवाज होता: "बघा, स्वतःच फेकून देतायत! चांगली असती तर फेकली असती का? ही लस घेतलेली पोरं आजारी पडतात. आपल्या लेकरांना सांभाळा." सोबत कुठल्यातरी दूरच्या आजारी मुलाचा फोटो होता. तो कुठला, कधीचा, कोणालाच ठाऊक नव्हते. पण दुपारपर्यंत तो व्हिडिओ घरोघरी पोहोचला.

पुढच्या वेळी खोली जवळजवळ रिकामी होती. बाकांवर धूळ. माझे झाकण दोनदाच उघडले गेले. मित्रांनो, मला राग आला. मी एरवी थंड डोक्याचा आहे, पण त्या दिवशी नव्हतो. कारण त्याच सुमारास पलीकडच्या गल्लीत गोवर आला होता. बेकरीवाल्यांच्या नातवाला गोवरातून न्यूमोनिया झाला आणि त्याला हॉस्पिटलात न्यावे लागले. त्याला लस दिलेली नव्हती.

सिस्टरांनी मला खांद्याला लावले आणि त्या घरोघर निघाल्या.

वाचनालयाच्या शेजारच्या गल्लीत शिवणवाल्या वहिनींचे घर होते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. त्यांचे यजमान परगावी नोकरीला. घरात वहिनी, सासूबाई आणि एक छोटी मुलगी. ती जमिनीवर रांगत सापडेल ते बटण तोंडात घालायची, म्हणून सगळे तिला बटणच म्हणत. बटण नुकती नऊ महिन्यांची झाली होती. गोवराच्या लसीचे वय तेच.

"आम्हांला नको," सासूबाईंनी दारातच सांगितले. "दादा खोटं सांगायचा नाही. त्यानंच मला फोन शिकवला. माझ्या लेकाचं तोंड मला रोज दिसतं ते त्याच्यामुळं."

सिस्टर दाराशी बसल्या. मला मांडीवर घेतले. मला वाटले, आता त्या रागावणार. मी असतो तर रागावलो असतो. पण त्या म्हणाल्या, "दादा मदत करतात, ते खरंच आहे. पण तुमच्या मनात नेमकी काय भीती आहे, ती मला सांगा."

वहिनींनी मशीन थांबवले. "तुम्ही बाटल्या फेकता, ते आम्ही डोळ्यांनी बघितलं, सिस्टर."

"फेकते. त्यात लपवायचं काय? मला सांगा, बटणच्या बाटलीत सकाळचं दूध उरलं, तर संध्याकाळी तेच पाजता?"

"छे! ओतून देते."

"का? दूध विषारी होतं म्हणून?"

वहिनी हसल्या. "नाही हो. चांगलंच होतं. पण इतक्या वेळानं कसं द्यायचं लेकराला?"

"बस. माझंही तेवढंच म्हणणं आहे."

सासूबाई हसल्या नाहीत. "आणि ताप येतो, ते?"

"येतो," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यांना नाही, पण काहींना येतो. आठ-दहा दिवसांनी अंग तापेल, कदाचित बारीक पुरळही उठेल. दोन दिवसांत उतरतो. तसं झालं तर मला बोलवा, मी येईन. पण गोवर झाला तर काय होतं, ते बेकरीवाल्यांना विचारा."

सासूबाईंनी तोंड फिरवले. आम्ही उठलो. निघताना सिस्टर वहिनींना म्हणाल्या, "शुक्रवारी मी खोली बंद होईपर्यंत बसलेली असेन."

शुक्रवारी सकाळी दोन मुले आली, त्यांच्यासाठी बाटली उघडली गेली. मग कोणीही आले नाही. पंखा फिरत राहिला. समोरच्या दुकानात दादा गिऱ्हाइकांशी बोलत होते, मध्येच आमच्याकडे बघत होते. दुपार कलली. उघडलेल्या बाटलीची वेळ संपली. सिस्टरांनी टेबल पुसायला घेतले, आणि तेवढ्यात दारात वहिनी उभ्या राहिल्या. खांद्याला मोजपट्टी तशीच, कडेवर बटण, आणि धाप लागलेली.

"उशीर झाला का? घरात जरा बोलाचाली झाली. ह्यांना फोन केला, ते म्हणाले, तुला पटतंय तर दे."

त्यांच्यामागे सासूबाई होत्या. आत आल्या नाहीत. उंबऱ्याशी उभ्या राहून एकटक बघत राहिल्या.

टेबलावर सकाळची बाटली होती. अर्ध्याहून जास्त भरलेली. वहिनींनी तिच्याकडे बोट दाखवले. "आहे की शिल्लक. यातली द्या."

मित्रांनो, सिस्टरांनी तीच लस दिली असती तर कोणाला कळणार होते? फक्त मला. पण सिस्टरांनी ती बाटली उचलली, सासूबाईंना दिसेल अशी धरली आणि पिशवीत टाकली. मग माझे झाकण उघडून माझ्या तळाशी राहिलेली नवी, सीलबंद बाटली बाहेर काढली.

वहिनी गडबडल्या. "अहो, एका पोरीसाठी नवी बाटली? बाकीची वाया जाईल ना!"

"जाईल," सिस्टर म्हणाल्या. "पण हिला ताजीच मिळेल."

सील उघडल्याचा बारीक आवाज झाला. सिस्टरांनी पूड विरघळवली, सुई भरली. बटणने आधी सुईकडे कुतूहलाने पाहिले आणि मग असा टाहो फोडला की दादाही दुकानातून बाहेर आले. जाताना वहिनींनी माझ्या झाकणावर थाप मारली. किती दिवसांनी!

आठवडा उलटून गेल्यावर आम्ही बटणची विचारपूस करायला गेलो. तिचे अंग तापलेले होते. सिस्टरांनी तिला तपासले, औषध किती द्यायचे ते सांगितले. "दूध पितेय, खेळतेय, काळजी नको. सकाळी पुन्हा येते," असे म्हणून त्यांनी मला उचलले, आणि माझा जुना पट्टा तटकन तुटला. मी धाडकन उंबऱ्यावर आपटलो.

"ठेवून जा त्याला," वहिनी म्हणाल्या. "शिवून देते."

म्हणून त्या संध्याकाळी मी मशीनशेजारी बसलो होतो. वहिनी जीन्सची पट्टी कापत होत्या, सासूबाई बटणला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेव्हाच दादा आले. बातमी त्यांना लागली होतीच.

"बघा, मी म्हणत होतो ना? आला ना ताप! आजी, इकडे बघून दोन शब्द बोला, सगळ्यांना सावध करू." त्यांनी फोन समोर धरला.

मी श्वास रोखला. डब्याला श्वास नसतो, तरी रोखला. सासूबाई आता बोलल्या की तो व्हिडिओ घरोघर जाणार होता, आणि मग आमच्या खोलीत कोणीही फिरकणार नव्हते.

सासूबाईंनी बटणच्या कपाळावरचा रुमाल बदलला. मग म्हणाल्या, "ताप येईल, असं सिस्टर आधीच सांगून गेल्या होत्या. कधी येईल तेही सांगितलं. तसाच आला. आल्यावर त्या बघायलाही आल्या. तू काय काय सांगितलं होतंस रे? त्यातलं काय झालं?"

"अहो पण आजी, बाटल्या फेकताना…"

"तू खिडकीतून बघितलंस. मी दारात उभी राहून बघितलं. अर्धी भरलेली बाटली टाकली त्यांनी, आणि माझ्या नातीसाठी नवी फोडली. एकटीसाठी! तू मला लेकाचं तोंड दाखवलंस, ते मी विसरणार नाही. पण माझ्या नातीच्या जिवाशी खेळ नको. काढायचाय ना व्हिडिओ? काढ. हे सगळं घे त्यात. मधे तोडू नकोस."

दादांनी फोन खाली घेतला. ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी बटणचा ताप उतरला, आणि मी नवा पट्टा मिरवत केंद्रावर परतलो.

पुढच्या शुक्रवारी सासूबाई सकाळीच बाकावर येऊन बसल्या. येणाऱ्या प्रत्येक आईला त्या एकच गोष्ट सांगत होत्या, त्या नव्या बाटलीची, ठासून. बाके भरली. बेकरीवाल्यांचा नातूही आजीचे बोट धरून आला, हाडांचा सापळा झालेला, पण घरी परतलेला. त्याला बघून कितीतरी आया आपापले बाळ घेऊन टेबलाकडे सरकल्या.

दादांनी माफी मागितली का? नाही. आपला व्हिडिओ त्यांनी काढून टाकला, एवढे खरे. पण तोवर तो दूर दूर गेला होता. आजही तो कुठेतरी फिरतो, आवाज फक्त दुसऱ्याचा असतो. मग आम्ही त्या वस्तीत जातो. सिस्टर दाराशी बसतात, विचारतात, ऐकतात, दुधाची गोष्ट सांगतात. शंभरदा सांगून झाली असेल. त्या कंटाळत नाहीत, मग मी कशाला कंटाळू?

आता माझी कडी सैल झाली आहे, निळा रंग उडाला आहे. केंद्रात माझ्याहून देखणे डबे आले आहेत. मला त्याचे वाईट वाटते, नाही असे नाही. पण तुमच्याकडे माझे मागणे वेगळे आहे, मित्रांनो. मला उन्हात ठेवू नका, हे तर झालेच. त्याहून महत्त्वाचे, हातातल्या फोनवर भीती घालणारे काही आले, तर ते पुढे पाठवण्याआधी तुमचे बोट जरा आवरा. हे कोणी पाहिले, पुरते पाहिले का, एवढे विचारा. आणि शंका असेल तर ती खुशाल विचारा, पण ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याला विचारा.

परवा आम्ही एका नव्या वस्तीत गेलो होतो. दिवसभरात एकच आई मुलाला घेऊन आली, तीही अगदी शेवटी. सिस्टरांनी माझे झाकण उघडले आणि सीलबंद बाटली काढली. खिडकीबाहेर कोणीतरी फोन उंच धरून उभा होता. सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिले. मला वाटले, खिडकी लावतील.

"तिथून अर्धंच दिसतं," त्या म्हणाल्या. "आत या. इथं उभं राहा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत काढा."

तो आत आला. मग सिस्टरांनी त्या एका मुलासाठी नवी बाटली उघडली.