नाथाआबांचा उशिरा पडणारा ठोका

मी आज्जाच्या बँडमध्ये ड्रम वाजवते असं वर्गात सांगितलं, तर पोरी म्हणाल्या, "लग्नातल्या का?" लग्नातल्या न्हाई! ब्लूज-रॉक, तोही १९८४ पासूनचा. नाव 'ब्लॅक सॉइल'. आपली जमीन काळी, आणि तेव्हा इंग्रजी नावाशिवाय बँडला कुणी बँड म्हणत नसे.

आमचा आज्जा बाळगोंडा सांगलीत हळदीचा व्यापारी. तो गातो आणि गिटार वाजवतो. वाईचे हरीकाका बेस वाजवतात. ड्रमवर शिराळ्याचे नाथाआबा असायचे. मार्चमध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ड्रमचं पेडल बंद करायला सांगितलं. मग त्यांच्या जागी कोण? मी, ब्राह्मी, इयत्ता दहावी!

तालीम मलकापुरात असते, कारण ते सगळ्यांना मधे पडतं. मी दोन वर्षं क्लासमध्ये कानात मेट्रोनोमची टिकटिक लावून शिकलेय, माझा ठोका केसभर हलत नाही. तरी पहिल्याच गाण्यात मी पुढच्या चौकात, आणि आज्जा नि हरीकाका अजून स्टँडवरच! तीन रविवार असंच झालं. नाथाआबा काठी घेऊन खुर्चीत बसून ऐकायचे.

चौथ्या रविवारी मी त्यांचं जुनं रेकॉर्डिंग मोबाईलवर लावलं आणि त्याच्याबरोबर टिकटिक सुरू केली. दर दुसरा आणि चौथा ठोका मागं पडत होता. अगदी थोडा, पण प्रत्येक वेळी!

"सापडलं!" मी ओरडलेच. "चूक नाथाआबांची आहे! चाळीस वर्षं यांचा डावा हात उशिरा पडतोय आणि तुम्हा दोघांना त्याची सवय लागलीय!"

मला वाटलं, शाबासकी मिळेल. हरीकाका बेसची तार पुसत बसले.

नाथाआबा म्हणाले, "चाळीस वर्सं म्हंजे लय झाली गं पोरी. ह्यातल्या एकानं तरी सांगायचं हुतं." मग काठी टेकत जिना उतरले आणि शिराळ्याची एस्टी धरली.

"तुला वाजवाय येतंय," आज्जा मला म्हणाला, "गप बसाय येत न्हाई."

त्यानंतर नाथाआबा तालमीला आलेच नाहीत. सांगलीच्या कार्यक्रमालाही येणार नाही म्हणाले. आज्जानं फोन केला, "नाथा, तू समोर नसशील तर ह्यो शेवटचा कार्यक्रम. बँड बंद." तेव्हा कुठे आले, पण कडेची खुर्ची धरून बसले.

कार्यक्रम रविवारी सकाळी साडेदहाला. आज्जा जैन, त्याला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं आणि हरीकाकांना वाई गाठायची असते, म्हणून आमचा ब्लूज सकाळीच! हॉल भरला होता. सगळे पांढऱ्या मिशांचे, पोटावर ताणलेले काळे टी-शर्ट घातलेले.

पहिलं गाणं उसाच्या ट्रॉलीमागं अडकलेल्या प्रियकराचं. माझा एकही ठोका चुकला नाही. आणि गाणं? इस्त्री केल्यासारखं कडक! मागून मला आज्जाची पाठ दिसत होती. ओळ संपली की त्याचे खांदे वर जायचे, तो श्वास घ्यायला जायचा, आणि तेवढ्यात माझा ठोका धाडकन पडायचा. चौथ्या कडव्यापर्यंत तो धापा टाकत होता. नाथाआबांच्या उशिरात तो चाळीस वर्षं श्वास घेत होता! टिकटिकीत हे कुठे ऐकू येणार?

गाणं संपलं. गॅदरिंगमध्ये बालवाडीच्या नाचाला वाजवतात तशा टाळ्या पडल्या. नाथाआबा पायाकडे बघत होते. आज्जानं वळून हरीकाकांना हळूच विचारलं, "थांबायचं का?"

मी उठून सरळ आज्जासमोरचा माईक ओढला.

"नाथाआबा, माझं चुकलं! तुमच्या ठोक्याशिवाय आज्जाला श्वास घेता येत नाही. पुढं येऊन बसा आणि मला दिसतील अशा टाळ्या वाजवा."

हॉल हसला. नाथाआबा जागचे हलले नाहीत. "उशिरा पडत्यात की माझ्या."

"तशाच पाहिजेत!"

"ए नाथा," आज्जा माईकशिवायच ओरडला, "का आता हाताला धरून आणू? गुडघ्याचं निमित्त सांगू नगंस, टाळी हातानं वाजती!"

पहिल्या रांगेतल्या दोघांनी खुर्ची उचलून पुढं आणली. नाथाआबा बसले, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि टाळी दिली. मी त्यांच्या हातावरून नजर काढलीच नाही. माझा हात आधीच खाली यायला बघायचा, त्याला मी धरून ठेवायची. जिन्याची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं वाटायचं. आज्जाचे खांदे वर गेले, पूर्ण वर. मग ठोका. हरीकाकांनी डोळे मिटले आणि मान हलवायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला अख्खा हॉल टाळ्या द्यायला लागला. नाथाआबांनी मागं वळून त्यांना दटावलं, "घाई करू नगा रं!"

आम्ही अकरा गाणी वाजवली. अकरा!

नंतर मी घामानं निथळत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांचे तळवे लालभडक झाले होते.

"जमलं का, आबा?"

"शेवटच्या दोन गाण्यांत लय उशीर केलास," ते म्हणाले. "मी काय एवढा आळशी न्हाई. रविवारी मलकापुरात येतो, नीट दावतो."

मी तोंड उघडलं. मग मिटलं.