आधी उजेड, मग शोबू

मित्रांनो, मी एक जुनी एकनळी बंदूक आहे. अकिताच्या डोंगरात मातागी या पारंपरिक जपानी शिकाऱ्यांचं एक छोटं सभागृह आहे, तिथे मी भिंतीला टांगलेली असते. माझ्या अक्रोडी दस्त्याचं कुणी कौतुक केलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगते.

तोकुजीने मला घेतलं तेव्हा तो तिशीचा होता. रोज मला मऊ कापडाने पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा. पण दहा वसंत गेले तरी त्याच्या हातून एकही अस्वल पडलं नाही. त्याचा मेहुणा इवाओ खालून हाकारे घालून अस्वलाला वर हुसकायचा. तो चिडवायचा, "दाजी, तुमची बंदूक दिसली की अस्वल जांभई देतं." सगळे हसायचे. तोकुजीही हसायचा, पण त्याची माझ्यावरची पकड घट्ट व्हायची.

आमच्यात ज्याच्या गोळीने अस्वल पडतं त्याने 'शोबू' अशी आरोळी ठोकायची. ती ऐकली की शिकार संपली. सगळे जागा सोडून धावत येतात. आमचा म्होरक्या, म्हातारा गेनपाची, दर वेळी बजावायचा, की आधी काडतूस काढा, मग तोंड उघडा.

त्या वर्षी तोकुजीने सात दिवस बर्फाच्या पाण्याने आंघोळ केली. डोंगराच्या देवीपुढे दिवा लावला, कुणाला वाकडा शब्द बोलला नाही. देवी पावली. वर येणारं अस्वल माझ्या पहिल्याच गोळीने पडलं. तोकुजीने सवयीने दुसरं काडतूस भरलं. अस्वल हललं नाही. तशी दहा वर्षं कोंडलेली आरोळी त्याच्या तोंडून निघाली, आणि मला भरलेली तशीच घेऊन तो उतारावरून धावत सुटला. खालून इवाओ दोन्ही हात पसरून वर येत होता.

ओल्या बर्फावर तोकुजीचा पाय सरकला. झुडपाची फांदी माझ्या चापात अडकली. माझं तोंड कुणाकडे आहे ते मला दिसत होतं. मला वळता आलं नाही.

इवाओ गुडघा धरून खाली बसला. कळ सोसत म्हणाला, "दाजी, ताईला सांगा, मी कड्यावरून पडलो."

गेनपाची पट्टी बांधता बांधता हळूच म्हणाला, "एवढी व्रतं केलीस, तोकुजी. ते एक काडतूस काढलं असतंस, तर देवीला तेवढी पूजा पुरली असती."

अस्वल तिथेच राहिलं. त्याला वाहून न्यायला आणलेल्या बांबूला घोंगडी बांधून त्यांनी इवाओला खाली नेलं. जीव वाचला, गुडघा मात्र कायमचा ताठला. तोकुजीने बायकोला खरं तेच सांगितलं आणि स्वतःच्या पायांनी चौकीवर जाऊन मला तिथे ठेवलं. पुढे माझा चाप काढून मला इथे आणलं.

आता दर वसंतात इवाओ लंगडत येतो. मला भिंतीवरून उतरवतो, माझी नळी मागून उघडतो आणि खिडकीकडे धरतो. एकेका नव्या शिकाऱ्याला मागून नळीत बघायला लावतो.

"काय दिसतं?"

"उजेड."

"मग आता खुशाल ओरड."

रांगेत सगळ्यांत शेवटी तोकुजी उभा असतो. त्याने पुन्हा कधी बंदूक धरली नाही, तरी तोही वाकून बघतो.

मित्रांनो, काम फत्ते झालं की माणूस हातातली वस्तू विसरतो. तुम्ही विसरू नका. माझ्या पोटात आता काही नाही. तो उजेड त्या दिवशी असायला हवा होता.