कोरेगावचा पॉवर सप्लाय

सांगलीत मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवणाऱ्या रहिमानला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे त्यानं उमेदीची वर्षं फौजेत काढली होती, आणि दुसरं, त्याची थोरली लेक शबाना इंजिनियर झाली होती. पहिली गोष्ट कुणी विचारली तरच तो सांगे. दुसरी विचारायची मात्र तो गिऱ्हाइकाला सवडच देत नसे.

शबाना कृष्णाकाठच्या एका तंत्रसंस्थेत संगणक सांभाळायची. संगणक म्हणजे माणसाएवढं उंच लोखंडी कपाट. १९७७ साली ते यंत्र नुसतं डोळ्यांनी पाहिलेली माणसंही गावात मोजकीच होती. त्या उन्हाळ्यात त्याच्यावर कवठे महांकाळकडच्या एका पाझर तलावाचं गणित चाललं होतं. बांधाची उंची आणि सांडव्याची रुंदी ठरली की तिकडं कामाला माणसं लागणार होती.

एका दुपारी ती घामाघूम होऊन दुकानात आली. हातात काळा पडलेला ट्रान्सफॉर्मर, जळक्या व्हार्निशचा वास मारणारा.

"अब्बा, संगणकाला वीज पुरवनारा पॉवर सप्लाय गेला."

"आण हिकडं. सांजपातूर तार गुंडाळून देतो."

"नुसतं गुंडाळून भागायचं न्हाई. म्होरचा भागबी जळलाय. दुसरा सप्लायच लागतोय, आन् कंपनीकडनं यायचा म्हंजे पावसाळा सरल."

रहिमाननं हातातली तार खाली ठेवली. त्याला लालासाहेब आठवला. एकाच पलटणीत दोघांनी हाडं झिजवली होती. तो वायरलेस दुरुस्त करायचा, हा जनरेटर. आता लालासाहेब कोरेगावात रेडिओचं दुकान चालवत होता आणि फौजेच्या लिलावातलं सामान हौसेनं गोळा करत होता.

"चल," रहिमान म्हणाला, "सकाळच्या पॅसेंजरनं कोरेगावला जाऊ."

गाडीत त्यानं विचारलं, "नेमकं काय पायजे तुला?"

"पाच व्होल्ट आन् वीस अँपिअर. व्होल्ट कमी पडलं तर मशीन चुकीचं गणित करंल. वाढलं तर आतलं सगळं जळून जाईल."

लालासाहेबानं दोस्ताला कडकडून मिठी मारली आणि शबानाच्या डोक्यावरून हात फिरवला. चहा सांगायच्या आधीच त्यानं कपड्यात गुंडाळलेली एक चकचकीत पेटी टेबलावर ठेवली.

"पाच व्होल्ट, पंचवीस अँपिअर. पाटीच वाच की. लय जपून ठेवला होता. घे पोरी, तुलाच दिला."

"घे, घे," रहिमानही खूश होऊन म्हणाला.

शबानानं पेटीला हात लावला नाही. "काका, जीपचे जुने दिवे हायत का? सहा व्होल्टचे?"

"दिवं कशाला गं?"

"दिवे जोडून त्याच्यावर वजन टाकून बघते. पाटी सप्लाय नवा असताना लावलेली. आता दम किती उरलाय, ते कळाय पायजे."

लालासाहेबाचा चेहरा उतरला. रहिमानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोस्तानं प्रेमानं दिलेली वस्तू, आणि ही त्याच्याच दुकानात बसून पारखायला निघालेली! त्यानं लेकीला बाजूला घेतलं.

"आगं, त्याला काय वाटंल?"

"अब्बा, रेडिओ असता तर मी तोंड उघडलं नसतं. पन ह्याच्या गणितावर बांध उभा राहनार हाय."

लालासाहेब दिवे घेऊन आला. शबानानं एकेक जोडत नेला; चार दिव्यांचे मिळून वीस अँपिअर होत. दोन दिव्यांवर मीटरचा काटा पाचावर होता. तिसऱ्यावर थरथरला. चौथा लागला आणि तो सरसर खाली उतरला. लालासाहेबानं मीटरवर टिचकी मारून पाहिली. काटा काही वर येईना.

मग त्यानंच टेबलाखालनं एक हिरवी, पोचे पडलेली पेटी ओढून काढली. दोघांना मिळून उचलावी लागली.

"आता ह्येचा दम बघ," तो म्हणाला. रुसवा गेला होता, आता त्यालाही उत्सुकता लागली होती.

चारही दिवे पेटले, काटा जागचा हलला नाही. चहा येऊन पिऊन झाला तरी हलला नाही. शबानानं पेटीवर तळहात ठेवून पाहिला, ऊब सोसवत होती. मग तिनं सगळे दिवे एकदम तोडले. काटा टुणकन वर उडाला आणि पुन्हा पाचावर आला.

"ह्योबी न्हाई चालत?" रहिमाननं धास्तावून विचारलं.

"ह्योच न्यायचा. पन असा उसळला तर मशीन खाईल. जुन्या सप्लायमधलं वीज तोडनारं सर्किट शाबूत हाय, ते ह्याच्यावर बसवते. व्होल्ट वाढलं की आपोआप बंद पडंल."

लालासाहेब तिच्याकडं बघतच राहिला. मग रहिमानच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "गड्या, माझ्या दुकानात बसून मला न्हाई म्हनाली. वाघीण हाय रं तुझी लेक!"

परतीच्या गाडीत रहिमाननं पेटी पायाशी घेतली आणि समोरच्या बाकावरच्या अनोळखी माणसांना पार पुढं मिरजेपर्यंत पुरेल एवढी हकीकत सांगायला घेतली. सांगलीला उतरायचं शबानानंच बाही ओढून लक्षात आणून दिलं.

संस्थेत तिनं सर्किट बसवलं. संगणकाला जोडण्याआधी मुद्दाम व्होल्ट वाढवून पाहिलं, आणि पेटी बरोबर बंद पडली. सगळं जोडून झाल्यावर ती बाजूला सरली.

"अब्बा, खटका तुमी दाबा."

"न्हाई. तुझं मशीन हाय. तूच दाब."

तिनं खटका दाबला. कपाटावरचे बारके दिवे पेटले आणि थोड्या वेळानं टाइपयंत्र खडखडू लागलं. कागदावर आकड्यांच्या ओळी उतरू लागल्या. रहिमानला त्यातलं काही उमगलं नाही. तो लेकीचा चेहरा वाचत होता.

संस्थेचे संचालक लगबगीनं आत आले. हिरव्या पेटीकडं पाहून ते रहिमानला म्हणाले, "तुम्ही फौजेतले जाणकार. ही पेटी तुम्हीच निवडली असणार."

रहिमान ताठ उभा राहिला.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "मी निवडली असती तर चकचकीत पेटी घेऊन आलो असतो. ही माझ्या शबानानं निवडली."