मी 'हो': हौदापाशी उच्चारलेला

मी 'हो' बोलतोय. एका अक्षराचा जीव, पण वयाने फार जुना.

संस्कृतातला 'भू' धातू हे माझे मूळ. 'भवतु' म्हणजे 'तसे घडो'. पिढ्यान्‌पिढ्या प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी झिजत झिजत मी एवढासा उरलो. माझे सोबती देशोदेशी आहेत. इटालियनातला 'सी' हा 'असेच' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला. जपानीतला 'हाय' कित्येकदा 'ऐकतो आहे' इतकेच सांगतो. खुद्द लॅटिन बोलणाऱ्यांपाशी होकाराचा असा एकच ठरलेला शब्द नव्हता. विचारलेले क्रियापद ते पुन्हा उच्चारीत. 'आलास?' 'आलो.' प्रार्थनेअंती म्हणतात तो 'आमेन' हिब्रूतला. 'पक्के, भरवशाचे' हा त्याच्या मुळाचा अर्थ. त्याचा मला हेवा वाटतो. माझ्या वाट्याला भरवसा आला, पण माणसांनी तो स्वस्त केला.

कौलांच्या एका कारखान्यात माझ्यावर माणसाचा जीव सोपवलेला होता. तिथे माती मळण्याचा लोखंडी हौद होता. आत फिरती पाती, पुढे-मागे एकेक दार. मुकादम भिंतीपलीकडे बटणापाशी उभा राही. त्याला दारे दिसत नसत. तो ओरडे, "पुढचं दार मोकळं?" पुढच्या दारावरच्याने आत वाकून पाहावे आणि मग मला उच्चारावे. तसेच मागच्या दारावरच्याने. दोनदा मी ऐकू आलो की पाती फिरत.

मागच्या दारावर काका असत. गुडघे गेलेले, पाणी पिऊन परतायलाही वेळ लागे. पुढच्या दारावरचा तरुण आवाजांच्या नकला करी, म्हणून त्याला सारे नकल्या म्हणत. काका जागेवर नसले की तो त्यांच्या घोगऱ्या आवाजात मला दुसऱ्यांदा उच्चारी.

काका हसत. "लेका, माझ्यापेक्षा तुझाच 'हो' जास्त माझा वाटतो!"

"काका, तुम्ही पेन्शनीत जा. तुमचा आवाज राहील कामावर."

दया होती, थट्टाही होती. पाहणे तेवढे राहून गेले.

एके दिवशी सकाळी काका मागच्या दारातून आत उतरून पात्यांवरची सुकलेली माती खरवडत होते. ते पाणी प्यायला गेले, असे नकल्याने धरून चालले. मुकादमाने हाक दिली. नकल्याने आत न वाकताच मला दोनदा उच्चारले, एकदा स्वतःच्या आणि एकदा काकांच्या आवाजात. पाती फिरली.

चौकशीत मुकादम म्हणाला, "मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हाताऱ्यानं 'हो' म्हटलं आणि मग आत शिरला. साठी बुद्धी नाठी, दुसरं काय! तूही ऐकलंस ना रे?"

नकल्याने मान खाली घातली आणि म्हटले, "हो." त्या क्षणी मृताच्या माथी त्याच्याच मरणाचा दोष बसला.

आठ दिवसांनी काकू नवऱ्याचे कपडे न्यायला फाटकाशी आल्या. नकल्याने गाठोडे पुढे केले.

"त्यांचीच चूक म्हणतात," काकू म्हणाल्या. "घराचं कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस तो! असेल बाबा. जाताना 'हो' म्हणाले म्हणे. तुला त्यांचा आवाज हुबेहूब येतो, जेवताना नेहमी सांगायचे. एकदा म्हणून दाखव. मला शेवटचं ऐकायला मिळालं नाही."

मी त्याच्या जिभेवर आलो आणि अडलो. अखेर त्याने त्या घोगऱ्या आवाजात मला उच्चारले. काकूंनी डोळे मिटले.

"असंच ऐकलं ना मुकादमांनी?"

"काकू," तो स्वतःच्या आवाजात म्हणाला, "हेच ऐकलं. तेव्हाही मीच म्हणालो होतो. काका आत होते. मी पाहिलं नाही."

काकूंनी गाठोड्याची गाठ घट्ट केली.

"माणूस तर तू परत देऊ शकत नाहीस," त्या म्हणाल्या. "त्यांचं नाव तरी परत दे. चल."

कचेरीत मुकादमाने सारे ऐकले, खोलीचे दार लोटले आणि आवाज उतरवला. "पोरा, अक्कल गहाण टाकू नकोस. मेलेला माणूस तुरुंगात जात नाही, तू जाशील. शेवटचं विचारतो, ते तूच म्हणालास?"

नकल्याने काकूंकडे पाहिले. मग खिडकीतून दिसणाऱ्या हौदाकडे. घाई केली नाही.

"हो."

त्या कारखान्यात मी हजारो वेळा उच्चारला गेलो असेन. इतका जड कधीच नव्हतो. नकल्या आता शिक्षा भोगतो आहे. काकांच्या नावावरचा दोष पुसला गेला. काकूंच्या घरी ताट मात्र एकच मांडले जाते.

वाचका, मी तुझ्याही तोंडी दिवसातून शंभरदा येतो. मला उच्चारण्यापूर्वी उठून दारापर्यंत जा, आत वाकून पाहा. देव साक्षीला असतोच. पण हौदातला माणूस तुझ्या भरवशावर असतो.